हृदयाचा सोबती आणि घरातील यंत्रे

प्रास्ताविक

रक्तदाब, ताप, रक्तातील साखर मोजण्याची छोटी यंत्रे आज अनेक घरांत आढळतात. घरातील एखाद्याच्या छातीत पेसमेकर बसवला की मात्र याच यंत्रांविषयी शंका निर्माण होते. कोणी भीतीपोटी रक्तदाब मोजणे सोडून देतो. तर कोणी पाठदुखीसाठी विजेचा पट्टा बेधडक वापरतो. पहिली भीती अनाठायी आहे. दुसरे धाडस घातक ठरू शकते. हा भेद कसा ओळखावा, ते या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्ही :
• पेसमेकरचे कार्य सांगू शकाल.
• घरगुती आरोग्ययंत्रांचे सुरक्षिततेच्या दृष्टीने वर्गीकरण करू शकाल.

मूळ पाठ

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा समूह असतो. तेथून निघणाऱ्या विद्युतसंदेशांमुळे विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा आकुंचन पावते. हे संदेश फार मंदावले किंवा वाटेत अडले, तर भोवळ येते, शुद्धही हरपते. अशा वेळी पेसमेकर आधार देतो.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे शल्यविशारद ऑके सेनिंग यांनी अर्ने लार्सन यांच्या शरीरात पेसमेकर बसवला. तो अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी तयार केला होता. संपूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला हा जगातील पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला. परंतु पुढे वेळोवेळी नवे पेसमेकर बसवून लार्सन २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

पेसमेकर केवळ संदेश देत नाही, तो ऐकतोही. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला की तो गप्प राहतो. न पडल्यास संदेश पाठवतो. त्याला ऐकू येणारा हृदयाचा संदेश अवघा काही सहस्रांश व्होल्टचा असतो. बाहेरची वीज शरीरातून वाहू लागली, तर त्या गोंगाटालाच तो हृदयाचा ठोका समजण्याची आणि गरज असतानाही गप्प बसण्याची शक्यता असते.

चुंबकाचा परिणाम वेगळा असतो. चुंबक अगदी जवळ आला की बहुतेक पेसमेकर ऐकणे थांबवून ठरावीक गतीने संदेश देऊ लागतात. हृदयाची घातक वेगवान लय झटका देऊन थांबवणारे 'आयसीडी' नावाचे उपकरण तर चुंबक जवळ असेपर्यंत बहुधा तो झटकाच देत नाही. चुंबक दूर होताच सामान्यतः दोन्ही उपकरणे पूर्ववत चालू लागतात.

म्हणून कोणतेही यंत्र वापरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

१. हे यंत्र केवळ मोजते का? तापमापक, रक्तातील साखर मोजणारे यंत्र, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर शरीरात वीज सोडत नाहीत. ती निर्धास्त वापरावीत. मात्र अवेळी ठोके पडत असतील, तर यंत्र नाडीचे ठोके कमी दाखवू शकते. अशा वेळी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी आणि डॉक्टरांना कळवावे. भोवळ, धाप किंवा छातीत दुखणे असल्यास आकड्यांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

२. ते शरीरात वीज सोडते का? चरबीचे प्रमाण दाखवणारा वजनकाटा तळपायांतून सौम्य वीज पाठवतो. पेसमेकर असलेल्यांनी तो वापरू नये, असे त्याचे उत्पादकच सांगतात. साधा वजनकाटा पुरेसा आहे. वेदना शमवण्यासाठी विजेचे स्पंद देणारा पट्टा हृदयतज्ज्ञांच्या परवानगीवाचून वापरू नये.

३. त्यात चुंबक आहे का? चुंबकीय पट्टे, गाद्या, काही मोबाइल फोन व श्रवणसाधनांच्या डब्या यांत चुंबक असतात. अंतर वाढले की चुंबकाचा प्रभाव झपाट्याने घटतो. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असे फोन आणि स्मार्ट घड्याळे शरीरातील उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला दिला. म्हणून फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. चुंबकीय गादीवर मात्र हे अंतर राखता येत नाही, ती टाळावीच.

पेसमेकरचे ओळखपत्र नेहमी जवळ बाळगावे. नवे यंत्र आणण्यापूर्वी त्याचे माहितीपत्रक डॉक्टरांना दाखवावे. आई-वडिलांना प्रेमाने यंत्र भेट देणाऱ्या मुलांनीही हे लक्षात ठेवावे.

शब्दार्थ

अनाठायी – अकारण
शल्यविशारद – शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ
स्पंद – क्षणिक ठोका, कंप

स्वाध्याय

१. 'पेसमेकर ऐकतोही' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. कारणे द्या : पेसमेकर असलेल्याने चरबी मोजणारा वजनकाटा वापरू नये.
३. तुमच्या घरातील चार यंत्रांची यादी करा व प्रत्येकाला वरील तीन प्रश्न लावून पाहा.