योगासनातील इजा : विश्रांती किती, व्यायाम किती आणि खायचे काय?

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस या चंपानगरीच्या श्रीमंत तरुणाची कथा येते. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमण इतके केले की तळपाय फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. वीणेची तार फार ताणली तरी सूर बिघडतो आणि सैल सोडली तरी बिघडतो, हा भगवान बुद्धांनी त्याला केलेला उपदेश आपल्याला पाठ असतो. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. बुद्धांनी त्याला एकपदरी तळाची पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. एकट्यासाठी सवलत नको, असे सोणाने म्हटल्यावर ती साऱ्या संघाला दिली. उपदेश झाला आणि पायांची सोयही झाली.

विहारातल्या सकाळच्या योगवर्गात हीच गोष्ट आज वेगळ्या सांध्यांत घडते. सर्वांत चिवट दुखणे बसण्याच्या हाडापाशी होते. मांडीच्या मागचा स्नायू तिथे एका दोरीसारख्या कंडराने हाडाला जोडलेला असतो. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवण्याच्या हट्टापायी तो रोज ओढला जातो. मग सतरंजीवर बसले, स्कूटरवर बसले की कुल्ल्याखाली नेमक्या एका बोटाएवढ्या जागी ठणका लागतो. ‘नस आखडली’ म्हणून लोक आणखी ताणतात आणि दुखणे वाढवून घेतात. वाकून ताणल्याने हा कंडरा हाडावर दाबला जातो, हे त्यामागचे कारण.

इथे पुढे वाकण्याची आसने काही आठवडे पूर्ण बंद. पण खाटेवर पडून राहणेही बरे नव्हे, कारण कंडराला ताकद भार पेलूनच येते. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, टाचा जमिनीत दाबून कंबर उचला आणि तीस सेकंद तशीच धरा. असे चार-पाच वेळा, मध्ये मिनिटभर विसावा घेऊन. दोन-तीन आठवड्यांनी टाचा थोड्या लांब ठेवून हेच करा, नंतर एका पायावर. मोजमाप सोपे आहे : दुखणे दहापैकी तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेले नसले, तर भार योग्य. वाढले असेल तर एक पायरी खाली या. बरे व्हायला तीन ते सहा महिने लागू शकतात, हे आधीच सांगितलेले बरे. तोवर बसताना जाड उशी घ्या.

गुडघ्याची गोष्ट वेगळी. पद्मासनात पाय वळायला हवा तो खुब्यातून. खुबा आखडलेला असेल तर ती पीळ गुडघ्यावर येते आणि आतली गादी फाटू शकते. गुडघा मध्येच अडकत असेल, सुजत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ध्यानाला पद्मासन लागतेच असे नाही. खुर्चीवर बसूनही आनापान होते, आणि दहा दिवसांच्या शिबिरात खुर्ची मागायला संकोच वाटू देऊ नये.

वज्रासनात फार वेळ बसल्यावर पाऊल वर उचलता येईना, अशी तक्रार घेऊनही काहीजण येतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबल्याने असे होते. साध्या मुंग्या पाच-दहा मिनिटांत जातात. पाऊल लोंबतच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर थेट रुग्णालयात जा, रात्र असली तरी. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन करूच नये, डोळ्यांतला दाब त्याने बराच वाढतो.

आता खाण्याकडे. कंडरा आणि स्नायू भरून यायला प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला निदान साठ ग्रॅम धरा (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). आपल्या घरांत ती मटण, मासे, अंड्यांतून मिळत आली. ते सोडा असे हे पान सांगणार नाही. ताटावरून माणसाची शुद्धता मोजण्याचा धंदा आपण पुरता ओळखून आहोत. पण करुणेपोटी दूध-तूपही सोडणारी, स्वतःला व्हीगन म्हणवणारी मुलेमुली आता आपल्याही वस्तीत आहेत, आणि दुखापतीत घरचे त्यांच्यामागे लागतात : दूध पी, नाहीतर हाड कसं भरणार?

काळजी खरी आहे, पण उपाय कोपऱ्यावरच आहे. नागपूरचे तर्री पोहे घ्या. नुसत्या पोह्यांत प्रथिने थोडीच. ती चण्यांत असतात. म्हणून पोहे कमी, चणे जास्त मागा आणि वर लिंबू पिळा, लिंबाने चण्यातले लोह अंगी लागते. पाटवडी-रस्सा, झुणका आणि ज्वारीची भाकरी हे तर बेसनाच्या जोरावर उभे असलेले जेवण. मिसळीवर दही नको म्हणा. उडप्याकडे इडली-सांबार चालेल, डोसा मात्र तेलावर करायला सांगा. डाळ-तडक्यात तूप आणि नानमध्ये दही असू शकते, तेव्हा विचारून घ्या. नानऐवजी तंदुरी रोटी, बटर न लावता. विचारल्याने कुणी रागावत नाही. गर्दीच्या वेळी मात्र आधी विचारा, ताट आल्यावर नव्हे.

घरी पन्नास ग्रॅम सुकी सोयावडी रश्यात टाकली की सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने झाली. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी, दुधावाचून अडत नाही.

एका गोष्टीला मात्र ताटात पर्याय नाही, ती म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. वनस्पतिजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात आणि त्या आसनामुळे आल्या असे वाटत राहते. दूधही सोडलेल्यांनी रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर ही तपासणी टाळूच नये. त्या औषधानेही बी-12 घटते, मग तुम्ही मटण खात असा वा नसा.