झेंडा नाही, तर डुक्कर

प्रश्न : जर्मनीत मुलाकडे गेलो असता आर्खे वार्डर या प्राणी-उद्यानात पांढऱ्या पट्ट्याचं लाल डुक्कर पाहिलं. त्याला ‘निषेधाचं डुक्कर’ का म्हणतात?

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते हुसुम जातीचं डुक्कर. अंग विटकरी लाल, खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत उतरणारा पांढरा पट्टा. हुसुम हे उत्तर जर्मनीतलं समुद्राकाठचं गाव. 1864 च्या युद्धात डेन्मार्क हरला आणि हुसुम ज्यात येतं तो श्लेस्विग प्रांत त्याच्या हातचा गेला; पुढे तो प्रशियाने गिळला. तिथल्या डॅनिश लोकांना आपला लाल-पांढरा झेंडा लावायची बंदी झाली. मग त्यांनी म्हणे त्या रंगांची डुकरंच अंगणात सोडली! शिपाई झेंडा उतरवील, डुकराचं काय करील?

गोष्ट फक्कड आहे, पण मी ती दंतकथेच्या खात्यात टाकतो. झेंड्यावर पांढरा क्रॉस असतो. डुकराच्या अंगावर उभा पट्टा तेवढा दिसतो, आडवा कल्पनेने भरून घ्यावा लागतो. शिवाय अंगावर पट्टा असलेली डुकरं त्या भागात निराळीही आहेत, शेजारचं आंगेल्न डुक्कर त्यातलंच, फक्त काळं. स्वतंत्र जात म्हणून हुसुमला मान्यता मिळाली ती थेट 1954 मध्ये. चरबीदार मांसाची मागणी घटली तशी ती जवळजवळ नामशेष झाली. 1984 मध्ये बर्लिनमध्ये पुन्हा काही जनावरं सापडली. अधिकृत नाव मात्र साधंच, ‘हुसुमचं लाल-कबरं डुक्कर’. निषेधाचं नाव लोकांच्या तोंडी.