कोरोनाने नेमकी किती माणसे नेली?

प्रश्न : कोरोनाबळींचा सरकारी आकडा आणि जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा यांत दहापटीचा फरक कसा? कोणी लपवाछपवी केली का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : संशय साहजिक आहे, पण मोठी गळती रोजच्या कारभारातच होती. चाचणी पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टरने दाखल्यावर कोरोना लिहिला, तरच माणूस सरकारी यादीत येणार. एप्रिल-मे 2021 मध्ये खाटा मिळेनात, ऑक्सिजन मिळेना, रिपोर्ट लांबत होते. कित्येकजण घरीच गेले. घरच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. तिथे नाव, वय, तारीख बिनचूक लागते. कारण मात्र घरचे सांगतील ते. ताप, दम, म्हातारपण. 2020 साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते.

दवाखान्यातले मृत्यूही निसटत होते. 16 जून 2020 रोजी महाराष्ट्राच्या आकड्यात मागचे 1,328 मृत्यू एकदम मिळवावे लागले. त्यातले 862 एकट्या मुंबईचे.

शिवाय कोरोना न होताच गेलेले आहेत. डायलिसिस चुकले, हार्ट अटॅक आल्यावर खाटेसाठी दारोदार फिरण्यात वेळ गेला. त्यांच्या दाखल्यावर कोरोना लिहिणे चूकच. पण साथ नसती तर त्यातले अनेकजण आज आपल्यात असते. माझ्या मते त्यांना वगळून साथीचा हिशेब होऊच शकत नाही.

म्हणून संशोधक सगळेच मृत्यू मोजतात आणि एरवी जितके झाले असते तितके त्यातून वजा करतात. उरतात ते 'अतिरिक्त मृत्यू'. 2020-21 या दोन वर्षांत भारतात ते सुमारे 47 लाख असावेत, असा आरोग्य संघटनेचा अंदाज. सरकारी नोंद 4.8 लाखांची. केंद्राने या गणिताच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. पुढे मे 2025 मध्ये सरकारचीच नागरी नोंदणीची आकडेवारी आली : 2020 मध्ये 81 लाख मृत्यू, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. नोंदणी सुधारली हे धरूनही ही उडी फार मोठी आहे.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना 50,000 रुपयांची मदत ठरली. चाचणीनंतर 30 दिवसांत झालेला मृत्यू, घरी झाला तरी, कोरोनाचा धरायचा असेही ठरले. महाराष्ट्रात आलेले अर्ज नोंदलेल्या मृत्यूंहून जास्त भरले; त्यात दुबारही होते. पण ज्यांची चाचणी झाली नाही आणि ज्यांना दवाखानाही मिळाला नाही, त्यांच्या घरच्यांकडे अर्जाला जोडायला कागदच नव्हता.