आजचं चिंतन : इंद्रायणीत बुडालेली खतं आणि माझं क्रेडिट कार्ड



परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधला एक मुलगा जेवताना सारखा फोन उलटा करून ठेवत होता. वाजला की बघायचा, कट करायचा, परत उलटा. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं, कारण २०२३ मध्ये मीही असाच फोन उलटा ठेवून जेवायचो. त्या दिवशी त्याला जे सांगितलं, तेच आज इथे लिहितोय.

आजचा प्रसंग

तुकोबांच्या घरी व्यापार होता, सावकारी होती. मग १६३० च्या सुमाराचा मोठा दुष्काळ आला. धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्या दिवसांत आपल्याला लाज वाटली, हे तुकोबांनी स्वतःच्या अभंगात सांगितलंय. पुढे मन विठ्ठलाकडे लागल्यावर त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, बाहेर काढले. धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले. महिपतींनी लिहिलेल्या चरित्रातून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली आहे.

मी ही गोष्ट बरीच वर्षं चुकीची वाचत होतो.

माझी गोष्ट

२०२३ च्या सुरुवातीला माझी नोकरी गेली. पाच महिने घरी होतो. घराचा हप्ता चुकू नये म्हणून किराणा, मुलीची फी, पेट्रोल, सगळं कार्डावर टाकत गेलो. बायकोला सांगितलं की बचतीतून चाललंय. कार्डाची थकबाकी २,४०,००० झाली आणि मी दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिलो, १२,००० रुपये.

मी इंजिनियर आहे, गणित येतं. तरी ते गणित मी पाच महिने मांडलं नाही. महिन्याला ३.५ टक्के व्याज म्हणजे ८,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,५१२. एकूण ९,९१२. म्हणजे १२,००० भरले तर मुद्दल कमी होतं फक्त २,०८८. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दूध घेतलं तरी त्याच दिवसापासून व्याज.

मग एका महिन्यात १२,००० सुद्धा नव्हते. मी एक लोन ॲप डाउनलोड केलं. कर्ज २०,००० चं, हातात आले १४,०००, आणि सात दिवसांत परत. घेताना त्याने कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली, मी 'अलाऊ' दाबलं. २०,००० परत केले तरी ते आणखी ९,००० मागत राहिले.

एका रात्री साडेनऊला आईचा गावाहून फोन आला. आवाज अगदी बारीक. म्हणाली, "अरे, कुणाचा तरी फोन आला होता. तुझं नाव घेऊन घाणघाण बोलत होता. तू कुणाचं काही चोरलंस का रे?"

सत्तरीतली माझी आई. दर एकादशीला उपास करणारी. तिला हा प्रश्न विचारावा लागला.

त्या रात्री मी देवापुढे बसलो आणि हरिपाठ म्हणता येईना. मनात एकच, विठ्ठला, तुकोबांच्या घरचे कागद बुडवलेस ना, माझेही बुडव.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून देहूला गेलो. आमच्याकडून फार लांब नाही. घाटावर बसून पाण्याकडे बघत होतो आणि हळूहळू ती गोष्ट सरळ दिसायला लागली. तुकोबांनी बुडवले ते कागद लोकांनी त्यांना द्यायच्या पैशांचे होते, त्यांनी स्वतः द्यायच्या पैशांचे नव्हते. आणि त्यातलाही अर्धा हिस्सा भावाचा होता, तर त्याला हात लावला नाही. जे दुसऱ्याचं, ते नीट मोजून दुसऱ्याला दिलं. आपला हक्क तेवढा सोडला.

म्हणजे माझं कार्डाचं देणं बुडव म्हणून मी या गोष्टीचा आधार घेऊ शकत नव्हतो. ते पैसे मी खरंच वापरले होते.

पण त्या गोष्टीत आणखी एक आहे. दिवाळं निघाल्याची लाज तुकोबांनी सोसली होती. येणेकरी म्हणून कागद हातात आले, तेव्हा समोरच्या कुळाला काय वाटत असेल हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून मला वाटतं, त्यांनी पैशांबरोबर त्या माणसांची भीतीही पाण्यात सोडली. घाटावर मला जे समजलं ते एवढंच : घेतलेले पैसे मी देणं लागतो. माझी इज्जत, माझ्या आईची झोप, हे मी कुणालाही देणं लागत नाही. कर्ज फेडणं हा धर्म आहे, पण धमकीला घाबरून जगणं त्या धर्मात येत नाही.

आपल्या परंपरेतही घेणाऱ्याला मर्यादा सांगितली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये असा नियम आहे, त्यालाच आपण दामदुपटीचा नियम म्हणतो. आज बँकेच्या कार्डावर तो लागू होईल असं धरून बसू नका. पण सावकाराच्या हातालाही एक कुंपण हवं, हा विचार जुना आहे, आणि आजच्या कायद्यातही अशी कुंपणं आहेत. मला ती माहीत नव्हती, म्हणून जास्त घाबरलो.

काय केलं, आणि तुम्ही काय करू शकता

सगळ्यात आधी घरी सांगितलं. बायको दहा मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैशांचं राहू दे. पाच महिने तू माझ्याशी खोटं बोललास, ते कसं फेडणार?" त्याचा हप्ता अजून चालू आहे. पण त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून वही काढली. एका पानावर खरं देणं, दुसऱ्या पानावर नुसती धमकी.

धमकीच्या पानावर ॲप होतं. ते कुठल्याही नोंदणीकृत बँकेशी किंवा वित्तीय कंपनीशी जोडलेलं नव्हतं. आम्ही मेसेजचे स्क्रीनशॉट घेतले, १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली, मग ॲपच्या परवानग्या काढून ते उडवलं. आईला आणि नातेवाइकांना आधीच कळवलं की असे फोन येतील, उचलू नका. पुढे एक रुपयाही दिला नाही. पंधरा दिवसांत फोन थांबले. लक्षात ठेवा, कर्ज देणाऱ्या ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट्स, फोटो, कॉल लॉग बघायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मागितले तर तिथेच थांबा. अधिकृत ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, ती आधी बघा.

खऱ्या देण्याच्या पानावर कार्ड होतं. तिथेही वसुलीवाला रात्री फोन करायचा, "सर, उद्या पोलिस घरी येतील" म्हणायचा. त्याच्याबद्दल हे माहीत असू द्या :

१. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास, हे सगळं मना आहे. घरी आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. कोर्टाच्या आदेशाशिवाय तो घरातली वस्तू उचलू शकत नाही.

२. नुसतं कार्डाचं बिल थकलं म्हणून अटक होत नाही, तो दिवाणी मामला आहे. मात्र दिलेला चेक किंवा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला, तर त्याचा वेगळा कायदा आहे आणि तिथे शिक्षाही होऊ शकते. म्हणून भीतीपोटी कोरे चेक देऊ नका, आणि कोर्टाची नोटीस आली तर फेकू नका, वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

३. त्रास झाला तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८.

मी तो मेल केला. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं की देणं मला मान्य आहे आणि मला फेडायचं आहे. मग फोनच्या वेळा दिल्या. आठवड्याभरात रात्रीचे फोन बंद झाले आणि थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते करून मिळाले.

बँकेने 'सेटलमेंट'ही सुचवली होती, थोडी रक्कम भरा, बाकी सोडून देऊ. काहींना तोच एक मार्ग उरतो, त्यात पाप नाही. पण क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड जातं. करायचीच असेल तर पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भराल ते कर्जाच्या खात्यातच. एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही.

आम्ही पूर्ण फेडायचं ठरवलं. नवी नोकरी लागली होती, पगार आधीपेक्षा कमी. बुलेट विकली. कार्ड कात्रीने कापलं. २० महिने लागले. शेवटचा हप्ता भरून ना-देणी प्रमाणपत्र आलं, ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता पोटभर जेवत जा."

परवाच्या त्या मुलाबरोबर कॅन्टीनमध्ये आम्ही टिश्यू पेपरवर दोन रकाने पाडले. त्याच्या सात फोनपैकी चार नुसत्या धमकीचे निघाले.

आजची साधना

आज रात्री हरिपाठानंतर दहा मिनिटं काढा. एका कागदावर आपण कुणाचं काय देणं लागतो ते लिहा. रक्कम, व्याजाचा दर, तारीख. सगळ्यात जास्त व्याजाचं सगळ्यात वर. काहीच देणं नसेल तर आपलं कुणाकडे काय येणं आहे ते लिहा, आणि त्यातला एखादा माणूस खरंच अडचणीत असेल तर उद्या त्याला फोन करा. पैसे मागायला नाही, "सावकाश दे" एवढं सांगायला. ती आपल्या वाटची इंद्रायणी.

आणि तो कागद घरातल्या एका माणसाला दाखवा. विठ्ठलाला तर आधीच माहीत आहे.

पांडुरंगा, ज्याचं त्याला देण्याची ताकद दे, आणि देणं फिटेपर्यंत मान ताठ ठेवून नाम घ्यायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.