एकच रिमोट : पलंग, पंखा आणि दिवा

क्षणभर अशी कल्पना करा, की तुमचे हातपाय हलत नाहीत. खोलीत उकडते आहे. पंख्याचे बटण चार हातांवर आहे. पण तुमच्या दृष्टीने ते हजार कोसांवर! उठून बसावेसे वाटले तरी कुणाला तरी हाक मारायची. मानेजवळ मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे दिवस असेच जातात. अशा माणसाला पलंग, पंखा, दिवा, घंटा ही सारी साधने एकाच जागेवरून चालविता आली तर? ते कसे साधते, हे आज आपण पाहू.

प्रथम पलंग घेऊ. अमेरिकन शल्यचिकित्सक विलिस गॅच यांनी १९०९ च्या सुमारास डोक्याकडचा व गुडघ्यांकडचा भाग उचलता येईल असा पलंग पुढे आणला. असे पलंग पुढे दांडा फिरवून वरखाली करीत. आज त्या दांड्याचे काम विजेची मोटर करते. ती पुष्कळदा २४ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. मोटर भरभर फिरते, दंतचक्रे तिचा वेग कमी करतात आणि एक लांब स्क्रू सावकाश फिरू लागतो. स्क्रूवरचा नट पुढे सरकतो व पलंगाची पाठ उचलतो. वेग कमी झाला, पण बल वाढले! शिवाय स्क्रूचे आटे बारीक असल्यामुळे वीज गेली तरी पाठ धाडकन खाली येत नाही.

आता या मोटरला हुकूम कोण देणार? दूरचित्रवाणीच्या रिमोटच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. तो अवरक्त किरण सोडतो. त्यांची तरंगलांबी सुमारे ९४० नॅनोमीटर असते, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु सूर्यप्रकाशात आणि तापलेल्या वस्तूंच्या प्रारणातही अवरक्त किरण असतातच. मग रिमोटचे किरण ओळखायचे कसे? त्यासाठी दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि समोरचा ग्राहक फक्त याच लयीकडे लक्ष देतो.

या लुकलुकण्याचे लहानमोठे तुकडे म्हणजे संदेशाची अक्षरे. एका प्रचलित पद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंदांचा झोत व ४.५ मिलिसेकंदांची विश्रांती असते. नंतर ० साठी १.१२५ आणि १ साठी २.२५ मिलिसेकंद लागतात. पहिले ८ अंक उपकरणाचा पत्ता सांगतात. पुढे ८ अंकी हुकूम येतो. पत्ता व हुकूम दोन्ही उलट करून पुन्हा पाठवितात : ० च्या जागी १, १ च्या जागी ०. दोन्ही जुळले नाहीत, तर ग्राहक संदेश टाकून देतो. एकूण अंक ३२. त्यांत १६ शून्ये व १६ एक नेहमीच असणार. म्हणजे वेळ (१६ × १.१२५) + (१६ × २.२५) = ५४ मिलिसेकंद. आरंभीचे १३.५ मिळविले की झाले ६७.५ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच हुकूम पोहोचतो!

प्रत्येक उपकरणाची भाषा मात्र वेगळी. 'शिकणारा' रिमोट जुन्या रिमोटसमोर धरला, की तो झोत आणि विश्रांती यांचे काळ मोजून स्मृतीत साठवितो व नंतर त्यांची हुबेहूब नक्कल करतो. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा असा एक रिमोट बाजारात आणला होता.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला! तसे नाही. अनेक पलंगांचे रिमोट रेडिओ तरंग वापरतात. अवरक्त किरणांना आडवी भिंत किंवा जाड चादर चालत नाही. रेडिओ तरंग त्यांतून पार होतात. तेव्हा अवरक्त संदेश ऐकून तोच अर्थ रेडिओ तरंगांत सांगणारी एक पेटी मध्ये ठेवावी लागते. दोन भाषांमधला दुभाषाच म्हणा ना!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिव्याला 'लाग' म्हटले की तो लागून राहावा. पलंगाला 'उचल' म्हटले आणि तो उचलतच राहिला तर? कुणाचा हात सापडेल, कुणाचा श्वास कोंडेल. म्हणून पलंगाचा हुकूम बटण दाबलेले असेपर्यंतच चालावा. बोट सुटले किंवा संदेश तुटला, की मोटर थांबलीच पाहिजे. एक रिमोट सर्वांना चालवो, पण सर्वांना एकच नियम लावून चालणार नाही.

आणि बोटेच हलत नसतील तर? इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातील रुग्णांसाठी रेग मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास नळीत फुंकर मारून किंवा श्वास ओढून चालणारे यंत्र तयार केले. पुढे त्याला 'पॉसम' हे नाव रूढ झाले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'मी करू शकतो'! अशा यंत्रांत एकेक पर्याय क्रमाने उजळतो. हवा तो उजळला, की फुंकर मारायची. ६४ पर्याय एका रांगेत असतील, तर शेवटच्यासाठी ६४ पायऱ्या थांबावे लागेल. तेच ८ ओळी व ८ स्तंभांत मांडले आणि आधी ओळ, मग स्तंभ निवडला, तर फार तर १६ पायऱ्या पुरतात.

आता एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा व बटण दाबा. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो जांभळट चमकताना दिसेल. एका कॅमेऱ्यात दिसला नाही, तर दुसरा घेऊन पाहा. मग कागदावर एका आजारी माणसाच्या खोलीसाठी ८ हुकूम लिहा. कोणता सर्वांत आधी उजळावा? आमच्या मते, मदतीची घंटा. तुमचे मत वेगळे असेल, तर कारणासह शिक्षकांना सांगा.