माळ्यावरची निगेटिव्ह

कुरुंदवाड,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. मृणाल,

काल तुझ्या आईचा, आक्काचा फोन आला. म्हणाली, पोरीनं जयसिंगपूरचं लग्न एकटीनं घेतलंय आणि तू तिला चार शब्द सांगितले नाहीस. सांगितले नाहीत हे खरं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि जे सांगायचंय ते तू दोनदा वाचावंस असं वाटतं, म्हणून पत्र. नव्या कॅमेऱ्यातली बटणं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. त्यावर मी थोडंच लिहीन.

२०१९ च्या ऑगस्टात तू पुण्याला होतीस. कृष्णा आणि पंचगंगा एकदमच चढल्या आणि गावाचं बेट झालं. पाणी उतरल्यावर दुकानाचं शटर वर केलं तर काउंटर, पडदे, लाइटचे स्टँड सगळं गाळात. मी फावड्यानं गाळ ओढत होतो तेव्हा पहिली बाई आली ती युरियाच्या पोत्यात गुंडाळलेला अल्बम घेऊन. तिच्या घरातलं धान्य गेलं होतं, गादी गेली होती, पंचनाम्याला तलाठी यायचे होते. तिनं विचारलं, "भाऊ, एवढे फोटो सुटे होतील का?" पुढचे दोन महिने अशीच माणसं येत राहिली.

जुने फोटो कागदावर जिलेटिनच्या थरात असतात. तो थर पाण्यात फुगतो आणि एकमेकांना चिकटलेला वाळला की संपलं, पुढं नुसतं फाडणं उरतं. म्हणून ओले आहेत तोवर स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवून, पाण्यातच अलगद सोडवायचे आणि दोरीवर चिमट्यानं टांगायचे. तुझ्या मामीनं गच्चीवर सहा दोऱ्या बांधल्या होत्या. काही वाचले. नवे करिश्मा अल्बम मात्र विटेसारखे घट्ट झाले होते, त्यांचं काही करता आलं नाही. ज्यांचे फोटो हातातच विरघळले त्यांच्यासाठी माळ्यावर चढलो. २००५ च्या पुरात खालच्या कपाटातली निगेटिव्ह भिजली होती, तेव्हापासून सगळी पाकिटं तारखेप्रमाणं माळ्यावर ठेवायची सवय लावून घेतली होती. त्या पाकिटांतून मी कितीतरी घरांची लग्नं पुन्हा छापून दिली.

आणि तेव्हा मला माझं काम पहिल्यांदा नीट दिसलं. लोक कोणता फोटो मागतात ते बघत होतो. स्टेजवरची जोडी, हार घातलेली पोझ, हे ते भराभर उलटायचे. बोट थांबायचं ते कोपऱ्यात. फेटा बांधून घेणारा बाप. पंगतीत वाढणारा भाऊ, जो पुढं मोटारसायकलच्या अपघातात गेला. नऊवारीचा काष्टा आवरत बाजूला उभी असलेली आजी. "यातली एवढी आजी मोठी करून द्या." आणि कितीदा ती आजी माझ्या चौकटीच्या कडेला अर्धी कापलेली असायची, किंवा फोकसच्या मागं धूसर. तो फोटो मीच काढलेला होता, आणि तिला मीच कापलेलं होतं.

शहरातला फोटोग्राफर लग्न करून जातो. आपण इथंच राहतो, मृणाल. ज्या पोराच्या बारशाला जातो त्याचा शाळेचा पासपोर्ट फोटो आपण काढतो, त्याचं लग्न आपण करतो, आणि एके दिवशी तोच पोरगा मोबाइलवर एक ग्रुप फोटो दाखवतो नि म्हणतो, यातले बाबा वेगळे काढून चंदनाच्या हाराला शोभेल असा करून द्या, परवा दहावा आहे. दर महिन्याला असं कुणीतरी येतं. त्या वेळी सरळ बघणारा, डोळे उघडे असलेला, मागं गर्दी नसलेला एक चेहरा नसतो. म्हणून प्रत्येक लग्नात एक काम माझ्यासाठी कर. जेवणं चालू झाली की थोडा वेळ काढ आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून खिडकीजवळ किंवा दाराच्या उजेडात खुर्चीवर बसव. खांद्यापासून वर, साधा फोटो. ८५ ची लेन्स पुरे. त्यांच्याशी बोल, गावाचं नाव विचार, चेहरा सैल होतो. कुणी सांगणार नाही हे काढ म्हणून, अल्बमच्या यादीतही नसेल. तरी काढ.

त्यासाठी माणसं ओळखीची हवीत. लग्नाच्या आठवडाभर आधी दोन्ही घरी जाऊन ये. कॅमेरा नेऊ नकोस, वही ने. चहा घे, जुना अल्बम बघायला माग. मामा कोण, कानपिळी कोण करणार, करवली कोण, कोणती आत्या दूरहून येणार, कोण कुणाशी बोलत नाही, कोण अंथरुणाला खिळलंय, हे सगळं लिहून घे. आजोबा हॉलवर येऊ शकणार नसतील तर हळदीच्या दिवशी सकाळी त्यांच्या खाटेजवळ जा, नवरीला तिथं बसव. माझ्या पाहण्यात हे एका घरात राहून गेलं आणि लग्नानंतर पंधरा दिवसांत आजोबा गेले. सगळ्या अल्बममध्ये ते कुठंच नाहीत. मला कुणी काही बोललं नाही. पण मला ठाऊक आहे ना.

वहीत अजून एक नोंद कर: कुणाची आई विधवा आहे का. अजून बऱ्याच मांडवांत ती ओवाळायला पुढं येत नाही, खांबाशी उभी राहते आणि आपल्याच पोराच्या लग्नात पाहुण्यासारखी वागते. आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठरावानं बायकांच्या पायातला संकोच एका दिवसात सुटत नाही. पण लग्नात भटजींच्या खालोखाल लोक फोटोवाल्याचं ऐकतात. तू मोठ्यानं म्हण, "काकू, तुम्ही इकडं या, मधोमध." त्या येतात. त्यांना कुणी अडवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. त्या फोटोत त्या कशा उभ्या राहतात ते तू स्वतःच बघ.

आपल्याकडं घरं अनेक तऱ्हेची आहेत. जैनांत उपाध्ये विधी करतात, लिंगायतांत जंगम. त्यांना आदल्या दिवशी भेटून क्रम विचारून ठेव. बौद्ध लग्नात त्रिशरण-पंचशील चालू असताना बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा चौकटीत यायलाच हवी, नाहीतर त्या घराला तो फोटो अपुरा वाटतो. निकाहला बायकांच्या बाजूला जायचं की नाही ते घरच्या मोठ्यांना विचारून. "मला माहीत आहे" असं कुठंच म्हणू नकोस.

आता थोडं कामाचं. अंतरपाट. दोघं पाट धरून उभे, मंगलाष्टकं संपत आलीत, शेवटचं सावधान झालं की पाट खाली येतो आणि अक्षता उडतात. हा क्षण दोन-तीन सेकंदांचा, परत मागता येत नाही. पाटाच्या रेषेत बाजूला उभी राहा म्हणजे नवरा-नवरी दोघांचे चेहरे मिळतील, समोरून एकाची पाठच मिळते. फोकस आधी नवरीच्या डोळ्यावर धरून कुलूप घाल, कारण अक्षता उडाल्या की कॅमेरा जवळच्या दाण्यावर फोकस उचलतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश त्या वेळी बंद. लेन्सजवळचे दाणे त्यात पांढरे गोळे होऊन चेहऱ्यावर बसतात. उजेड हवा असेल तर लाइटवाल्या पोराला बाजूला उभं कर. आणि पाहुण्यांचे मोबाइल आड येतील तेव्हा चिडू नकोस, एक पायरी वर चढ.

मांडवाचं छत गुलाबी असेल तर तिकडं फ्लॅश मारलास की सगळं लग्न गुलाबी होतं. हळदीला रंग कॅमेऱ्यावर सोडू नकोस. समोर पिवळंच पिवळं दिसलं की तो ते मारायला जातो आणि माणसं निळसर, आजारी दिसतात. केल्विन हातानं ठरव. स्वस्त एलईडीखाली जलद शटरवर फोटोत पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तसले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तेव्हा १/१०० वर उतर. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचं गणित वेगळं, तिथं हॉल रिकामा असतानाच चाचणी घे.

कॅमेऱ्यात दोन कार्डं ठेव आणि दोन्हींवर एकदम लिहू दे. १९९४ ला माझा रोल आतल्या चाकाला नीट अडकलाच नव्हता. फिल्म पुढं सरकली की रिवाइंडची कळ फिरते, ती मी बघितली नाही. ३६ फोटो काढले आणि एकही नव्हता. मुहूर्तच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या घरी जाऊन मुलीच्या बापापुढं उभा राहिलो, निरोप पाठवला नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. तो वेळ मी अजून विसरलेलो नाही. तुझ्याकडून काही चुकलं तर तूही स्वतः जा, कळेल त्याच दिवशी. आणि प्रत्येक लग्नाची एक प्रत कुरुंदवाडच्या पूररेषेबाहेर, इचलकरंजीला आक्काकडं वरच्या मजल्यावर ठेव. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलंच होतं.

एका गोष्टीत मात्र तू माझं ऐकावंस असा माझा हट्ट आहे. नवरीला गोरी करू नकोस. लोक सांगतील, "जरा उजळ करा की ताई." फोनमध्ये सगळे तेच करतात. मीही केलं. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा नांदणीकडच्या एका सावळ्या, देखण्या मुलीचा सगळा अल्बम मी दुधासारखा करून दिला आणि मोठ्या अभिमानानं द्यायला गेलो. तिची आजी जवळ सरकून बसली, फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कुणाची पोर?" ती मुलगी तिथंच शेजारी बसलेली होती. तिनं मान खाली घातली. मी अल्बम परत आणला, पदरचे पैसे घालून पुन्हा छापला. तेव्हापासून मी चेहऱ्यावर उजेड टाकतो, रंग बदलत नाही. सावळ्या कांतीला बाजूनं येणारा मऊ उजेड जसा खुलतो तसा गोऱ्या कांतीलाही खुलत नाही. कॅमेऱ्याचं मोजमाप नवऱ्याच्या पांढऱ्या पोशाखावर जाऊ देऊ नकोस, चेहऱ्यावर घे. पुरळ आलं असेल तर काढ, ते आठवड्यानं जाणारच होतं. तीळ, व्रण, रंग हे तिचं आहे.

तुला एक दार उघडं आहे जे मला जवळजवळ चाळीस वर्षं बंद होतं: नवरीची खोली. आई निऱ्यांना पिन लावते, मुंडावळ्या बांधताना मावशीचे हात थरथरतात, हे मी फक्त ऐकलंय. ते नीट काढ. पण पदर सारखा होईपर्यंत कॅमेरा खाली. आणि तिथलं काहीही इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी तिला विचार. नवऱ्याला किंवा सासऱ्याला विचारून भागणार नाही, तिला विचार. कायद्यानंही तो फोटो तुझा नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा असतो. काढणारा नव्हे. बुकिंगच्या कागदावर हे दोन ओळींत स्पष्ट लिही, आगाऊ रक्कम आणि अल्बम द्यायची तारीखही. दरावर ठाम राहा. त्यावर अधिक काय लिहू, आक्काची लेक आहेस.

शेवटचं एक. १९९१ ला आक्काच्या लग्नात आमचे अण्णा म्हणाले, घरचाच फोटोवाला आहे की, बाहेरचा कशाला. मीही हौसेनं हो म्हटलं. लाजाहोमाला भटजींनी भावाला हाक मारली तेव्हा मी रोल बदलत होतो. धावत गेलो, गळ्यात कॅमेरा, आक्काच्या ओंजळीत लाह्या घातल्या, घाईत नवऱ्याचा कान पिळला आणि परत मागं धावलो. त्याचा फोटो नाही, कारण फोटो काढणारा मीच होतो. त्या अख्ख्या अल्बममध्ये आक्काचा भाऊ नाही. आक्कानं कधी बोलून दाखवलं नाही, पण परवा जुना अल्बम चाळताना त्या पानावर तिचं बोट थांबलेलं मी पाहिलं.

मार्चमध्ये तुझ्या दादाचं लग्न आहे. घरात बोलणं सुरू झालंय की मृणाल आहे, फोटोचं बघेल. तू बघणार नाहीस. मी शिरोळच्या एका चांगल्या पोराला सांगून ठेवलंय, पैसे मी देतोय, आक्काशी बोललोय. जयसिंगपूरच्या लग्नानंतर तुझा कॅमेरा सर्व्हिसिंगला म्हणून माझ्याकडं आणून ठेव आणि मार्च संपल्यावर घेऊन जा. त्या दिवशी तू करवली आहेस. करा हातात धरून दादाच्या मागं उभी राहा.

तुझा,
मामा