कळव्याची डिग्री अमेरिकेत चालेल का?

प्रश्न : मुलगी कळव्याच्या राजीव गांधी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करतेय. तिला अमेरिकेत रेसिडेन्सी करायची आहे. कॉलेज महापालिकेचं; तिकडे चालेल ना?
– एक पालक, खारेगाव

उत्तर : चालेल. नॅशनल मेडिकल कमिशनला २०२३ मध्ये ‘डब्ल्यूएफएमई’ या वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक संस्थेची मान्यता मिळालीय, त्यामुळे महापालिकेचं की खासगी हा प्रश्नच नाही. घोडं अडतं ते दुसरीकडे. तिथल्या ‘यूएसएमएलई’ या परवाना परीक्षेतली स्टेप वन २०२२ पासून नुसती पास-नापास आहे, म्हणून सगळा भार स्टेप टू सीकेच्या गुणांवर. मग शिफारसपत्रं. ‘हुशार, मेहनती, सुस्वभावी’ असलं साचेबंद पत्र कुणी मनावर घेत नाही. कॅज्युअल्टीत रात्री दोनला धाप लागलेला पेशंट तिने कसा हाताळला, हे लिहू शकतील असे सर तिने आत्ताच गाठावेत. अमेरिकी डॉक्टरांचीही पत्रं हवीत. त्यासाठी तिथे काही आठवडे काम करावं लागतं, आणि तो खर्च तुमच्या खिशातून. अर्ज सप्टेंबरात, मॅचचा, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाचा, निकाल मार्चमध्ये.

व्हिसा बहुधा जे-वन मिळेल. त्याला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ हे पत्र लागतं. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात परतावं लागतं, नाहीतर सवलत मिळवावी लागते. घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर हे आधीच सांगून टाका.